बुलांगरीच्या हॉलात नेव्हिलरावांनी खिंड लढविली, त्याची हकीकत

स्वस्ति. पुढेमागे कोणी पुसेल की बुलांगरी कसबा अद्याप जागचे जागी उभा कैसा, तर त्यास उत्तर असावे म्हणोन हा मजकूर लिहून ठेविला असे. लिहिणारा त्या मुलखाचे पाणी एकतीस वर्षे प्याला आणि तेथील सभांत बसून बसून म्हातारा जाहला, सबब यात ऐकीव काही नाही. थोरांस थोर म्हटले आहे आणि मूर्खांसही रीतीप्रमाणे थोरच म्हटले आहे. वाचणाऱ्याने आपले अकलेने निवड करावी.

कसबा मजकूर न्यू साउथ वेल्स सुभ्याचे दक्षिण अंगास, डोंगरांचे बेचक्यात. वस्ती चारशे, एक शाळा, एक पब, एक पत्र्याचा हॉल, आणि पश्चिमेस गावाचे उशाशी सॅडलर डोंगर, निलगिरीच्या झाडांनी गच्च भरलेला. या डोंगरास सोळा वर्षे आग शिवली नव्हती आणि माणसाचा हातही लागला नव्हता. झाडांच्या सालीची लक्तरे लोंबत होती, पालापाचोळा गुडघ्यास लागत होता, आणि वाळल्या फांद्यांचा थर ऐसा की वॉम्बॅटसारखे दांडगे जनावर आत शिरले तर दिसेनासे होई. त्या मुलखी उन्हाळ्याचा वणवा सदा पश्चिमेकडूनच चाल करून येतो. तो एकदा सॅडलर डोंगरास पोहोचला म्हणजे पुढे गावात यावयास त्यास कोणाचे परवानगीची गरज नव्हती.

या गावी राजश्री नेव्हिलराव ड्रमंड राहात. उमर एकाहत्तर, अंगकाठी बारीक, नाकात नळी आणि नळीचे दुसरे टोकास चाकांच्या गाडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर. स्वयंसेवक अग्निदलात त्यांनी चौतीस वर्षे चाकरी केली, एक छदाम न घेता, आणि दरसाल लोकांची घरे राखता राखता जो धूर छातीत भरून घेतला तो छातीतच राहिला. त्यावर दोन उन्हाळ्यांमागे उत्तरेस मोठा वणवा लागला आणि त्याचा धूर पाच हप्ते या बेचक्यात मुक्काम करून बसला. दारांच्या फटीत ओले टॉवेल कोंबून लोक घरात कोंडून राहिले, आणि नेव्हिलरावांची उरलीसुरली दौलत त्या पाच हप्त्यांत गेली. मग वैद्यांनी साफ सांगितले की, ऐसा आणखी एक उन्हाळा आला तर तो तुम्हांस पुरता दिसणार नाही. तेव्हा सॅडलर डोंगर ही नेव्हिलरावांचे लेखी वादाची बाब नव्हती; पुढल्या वर्षी श्वास घ्यावयाचा की नाही, इतकीच ती बाब होती.

आणि इलाज ठाऊक होता. शरद ऋतूत, म्हणजे मार्च ते मे, कारण त्या मुलखी ऋतू उलटे आणि उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत, हवा थंड आणि वारा मंद असता, जाळरेषा आखून डोंगरास लहान आग लावावी. ती गुडघ्याखालून सरपटत जाते, पाचोळा खाते आणि झाडे सोडून देते. मग उन्हाळ्यात वणवा आला तरी त्यास चरावयास काही उरत नाही. ही विद्या त्या भूमीच्या मूळ लोकांची, आणि त्यांपैकी आँटी रुबी नामे वडीलधारी बाई अद्याप ती जाणत होत्या. नेव्हिलरावांची बायको ग्लेनिसबाई अग्निदलाच्या सरलष्कर होत्या आणि आँटी रुबींचे मसलतीवाचून काडी ओढीत नव्हत्या. दोघींनी दोन साले डोंगर जाळावयाचा बेत केला आणि दोन्ही साले गावाने तो उधळला, कारण कायदा ऐसा की जाळरेषेचे आत एक माणूस जरी दिसला तरी आग विझवून परत फिरावे. आणि बुलांगरीत दुसऱ्याचे कामात आडवे उभे राहावयास माणूस कधी कमी पडला नाही.

गावात पक्ष दोन. पहिला कापा पक्ष; त्याचे सेनापती बॅरीसाहेब क्विनलन, लाकडाचे वखारीचे मालक. त्यांचे म्हणणे, जंगल सरकारने कुलुपात घातले म्हणोन वणवे लागतात. ते कापावयास द्यावे, हवामान वगैरे सगळे शहरी खूळ आहे. दुसरा हवामान पक्ष. त्याच्या सेनापती इमोजेनबाई फेअरली, सहा वर्षांमागे शहराहून येऊन मातीची भांडी करीत होत्या. त्यांचे म्हणणे, कोळशामुळे पृथ्वी तापली म्हणोन वणवे लागतात. कोळसा बंद होईतो डोंगरास हात लावणे म्हणजे मूळ दुखणे लपविणे होय. दोहोंत विस्तव जात नव्हता. परंतु डोंगर जाळू नये या एका गोष्टीत दोघांचे मत तंतोतंत जमत होते, आणि हे त्यांपैकी एकाचेही ध्यानात कधी आले नाही. गेल्या साली बॅरीसाहेबांची फौज रेषेवर मोटारी लावून बसली आणि त्याच्या आदल्या साली इमोजेनबाईंची फौज चटया अंथरून बसली, इतकाच काय तो फरक.

यंदा हवामान खात्याचा खलिता आला की, मे महिन्याचे तिसरे गुरुवारी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत पूर्वेचा मंद वारा राहील, तीनला तो फिरेल आणि पाऊस येईल. ग्लेनिसबाईंनी कायद्याप्रमाणे आगाऊ वर्दी दिली. हॉलचे दारावरील फळ्यावर कागद लाविला आणि गावाचे फोनवरील चावडीवरही तोच मजकूर टाकिला. चावडीवर त्या मजकुराखाली तीनशे बारा जणांनी जबाब लिहिले. कोणी कोणास मूर्ख म्हटले, कोणी कोणाचे आजोबा काढले, आणि त्या तीनशे बारांत एकानेही वर तारीख काय लिहिली आहे ते वाचिले नाही. फळ्यावरचे कागदावर तर प्रगती मंडळाचे अध्यक्ष, अखंडितलक्ष्मीअलंकृत रॉसजी पिकरिंग यांनी खुद्द आपले हाते चार टाचण्या मारून मंडळाचा जाहीरनामा चिकटविला. त्यात हुकूम होता की, सॅडलर डोंगर जाळावा किंवा कैसे याचा निकाल करण्यासाठी तमाम रयतेने गुरुवारी दहा वाजता हॉलात जमावे आणि येताना रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने बशीभर खाणे आणावे.

नेव्हिलराव तो जाहीरनामा उभ्याने दोनदा वाचून घरी आले आणि कोणापाशी बोलले नाहीत. गुरुवारी सकाळी सातास ग्लेनिसबाई पिवळी वर्दी चढवून टोस्ट खात उभ्या होत्या.

"साडेनऊला निघायचं. तुझ्या बहिणीला फोन केलाय, ती जेवायला थांबलीय," त्या म्हणाल्या. "दोन सिलिंडर गाडीत ठेवलेत. किनाऱ्यावर जाऊन गप्प बस, शनिवारी ये."

"निघतो ना."

"नुसतं निघतो म्हणू नकोस, नेव्हिल."

"आणि लोक वर आले तर?"

"आले तर संपलं. एक जण दिसला तरी विझवून घरी. मग पाऊस, मग थंडी, आणि मग थेट उन्हाळा." बाईंनी कप सिंकमध्ये ठेविला. "आपण दलात लागलो तेव्हा शरदात जाळायला सहा आठवडे मिळायचे बघ. मग तीन झाले, मग चार दिवस. यंदा एक. ती इमोजेन म्हणते पृथ्वी तापलीय, ते खरंच आहे. म्हणूनच तर आज जाळायचंय, उद्या नाही. पण हे तिला सांगायला गेलं की ती मलाच फिल्म दाखवते."

"आणि बॅरी?"

"बॅरीला काही सांगायला मला आणखी एक जन्म लागेल."

सारा वाद या बाईने टोस्ट खाता खाता निकालात काढिला होता. परंतु प्रगती मंडळाचे रिवाजात टोस्ट खाणाऱ्याचे मत धरत नाहीत.

ग्लेनिसबाई नऊ शिपाई, तीन बंब आणि मशाली घेऊन डोंगरामागून वर गेल्या. इकडे नेव्हिलरावांनी गाडी काढिली, किनाऱ्याचे रस्त्यास लाविली आणि पहिल्याच वळणावरून मागे फिरवून हॉलपाशी उभी केली. एक सिलिंडर बरोबर घेतला, दुसरा गाडीत ठेविला, आणि पहिले रांगेत मधोमध जाऊन बसले. त्यांचा मनसुबा ऐसा की, आग लागून रेषा सुरक्षित होण्यास चार घटका जास्ती लागो वा कमी, पण काम संपल्याची खूण म्हणोन बंबाचा भोंगा तीनदा वाजेतो या हॉलातून एकही माणूस बाहेर पडता कामा नये. नेव्हिलराव या मंडळाचे बावीस वर्षे चिटणीस होते. सभेचे नियम त्यांस आपले औषधांपेक्षा अधिक पाठ होते.

दहास सभा भरली. कापा पक्षाचे एकोणतीस, हवामान पक्षाचे एकोणतीस, आणि मध्ये नेव्हिलराव एकटे. अध्यक्षांस मत नव्हते. मेजावर सॉसेज रोल, स्कोन, नारळाचा कीस लाविलेले केक ऐसा सरंजाम फडक्याखाली झाकलेला, आणि मंडळाचा जुना कायदा की ठरावाचा निकाल लागेतो चहास हात लावू नये. प्रथम रिवाजाप्रमाणे भूमीच्या मूळ मालकांचा सन्मान म्हणोन आँटी रुबींस पुढे बोलाविले. त्या चार वाक्ये बोलल्या. सर्वांनी माना लववून ती ऐकिली आणि टाळ्या वाजविल्या, आणि डोंगराविषयी त्यांस एकानेही एक अक्षर पुसले नाही. मग रॉसजींनी त्यांचे आभार मानून डोंगराचा विषय काढिला, आणि त्या मागील दाराने निघाल्या. जाता जाता नेव्हिलरावांपाशी थांबल्या.

"तू समुद्रावर असायला हवा होतास ना रे?"

"ग्लेनिसला सांगू नका, आँटी."

"गवत आज अगदी बेताचं सुकलंय. लवकर पेटेल," त्या म्हणाल्या आणि डोंगराकडे गेल्या.

मग बॅरीसाहेबांनी ठराव मांडिला की, डोंगर जाळू नये, कापावा. इमोजेनबाईंनी त्यास दुरुस्ती मांडिली की, डोंगर जाळू नये, कापूही नये, आणि कोळशाचा निषेध करावा. मग त्यांनी भिंतीवर चित्रे दाखविण्याचे फर्माविले. चित्रे निरनिराळ्या मुलखांतील जंगलांच्या धुराची होती, आणि ती स्वच्छ दिसावी म्हणोन पश्चिमेकडील सर्व पडदे ओढण्याचा हुकूम जाहला. नेव्हिलरावांनी ही मसलत ऐकिली तेव्हा आपणास हे का सुचले नाही याचेच त्यांस नवल वाटले. येणेप्रमाणे अठ्ठावन्न माणसे धूर पाहण्यासाठी अंधारात बसली, आणि पडद्यापलीकडे अर्ध्या कोसावर खरा धूर निघू लागला.

मग दोन्ही सेनापतींनी 'बिचारा नेव्हिल' नामे तोफखाना डागला. बॅरीसाहेब बोट दाखवून म्हणाले की, ही नाकातली नळी पाहा, ही जंगल कापू न देणाऱ्यांनी घातली. इमोजेनबाईंनी जबाब केला की, ही नळी पाहा, ही कोळशाच्या धन्यांनी घातली. ती नळी ज्या वणव्यांत कमावली त्यांपैकी एक खुद्द बॅरीसाहेबांचे वखारीवर चालून आला होता, आणि दुसरा इमोजेनबाई ज्या घरात राहतात त्या घरावर. हे नेव्हिलरावांस आठवत होते. इतर कोणास आठवत नव्हते. त्यांस राग आला, आणि राग ही त्या दिवशी फार उपयोगाची वस्तू होती.

साडेअकरास रॉसजी मतदान पुकारणार, तोच नेव्हिलरावांनी हात वर करून दुरुस्तीस दुरुस्ती मांडिली की, या ठरावात धूर म्हणजे काय ते आधी लिहावे.

"धूर म्हणजे धूर," बॅरीसाहेब म्हणाले. "त्यात काय लिहायचंय?"

"मग तुझ्या वखारीत भुसा जळतो तो?"

"तो धंद्याचा आहे."

"भुशाचा धूर चालतो वाटतं," इमोजेनबाई मागून म्हणाल्या.

"आणि बाई, तुमची भट्टी दर शनिवारी फुंकते ते काय अत्तर असतं?"

"भट्टीत पडलेल्या झाडांचं लाकूड असतं, बॅरी. तुझ्याकडे उभी झाडं येतात."

"पडलेल्या झाडाला धूर नसतो, लिहून घ्या हो कोणीतरी."

या एका दुरुस्तीवर पाऊण तास रणकंदन जाहले. ते निवते असे दिसताच नेव्हिलरावांनी दुसरी काढिली. मग तिसरी. एकदा बॅरीसाहेबांस पुसिले की, तुम्ही सॅडलर डोंगरावर शेवटचे कधी चढला होता. ते म्हणाले, माझा गुडघा दुखतो. पुसिले, किती दिवस. म्हणाले, दहा वर्षे. तेव्हा हवामान पक्ष हसला आणि कापा पक्षाचे सात जण उठून गुडघ्याचे बचावाची भाषणे करिते जाहले. मग तोल सांभाळावा म्हणोन नेव्हिलराव इमोजेनबाईंकडे वळले.

"पृथ्वी तापलीय, मान्य. मग तापल्यावर पाचोळा जास्त पेटतो की कमी?"

"तू विषय फार लहान करतोयस, नेव्हिल."

"माझी फुप्फुसं लहान आहेत, बाई. विषयही तेवढाच झेपतो."

यावर बाईंचेकडील नऊ जणांस बोलणे प्राप्त जाहले. प्रत्येकी पाच मिनिटे.

ऐसे होता होता एकचा सुमार आला. नेव्हिलरावांनी हळूच सिलिंडरचा काटा पाहिला, तो तांबड्यास टेकला होता. दुसरा सिलिंडर गाडीत, वीस पावलांवर. पण आपण उठलो तर सभा उरकेल, आणि कोणास आणावयास धाडिले तर दार उघडून तो डोंगराकडे पाहील. सबब त्यांनी तोटी अर्धी मिटली आणि अर्ध्या श्वासावर लढाई चालविली. बोलणे आता चार शब्द आणि थांबणे, चार शब्द आणि थांबणे, ऐसे होऊ लागले. रॉसजींनी दोनदा घड्याळ पाहिले आणि तिसऱ्यांदा चहाकडे.

इतक्यात मागील रांगेत कोणी म्हणाले, "वास कसला येतोय?"

"रोल करपले वाटतं."

"ओव्हन बंद आहे."

बॅरीसाहेब लगबगीने उठले आणि त्यांनी पडदा वर केला. तेथे सॅडलर डोंगर उत्तरेपासून निम्म्यावर काळा जाहला होता आणि करड्या धुराचा पडदा पलीकडे पश्चिमेकडे वाहात होता. अठ्ठावन्न माणसे एकदम उभी राहिली. दाराशी जावयास कोणास दहा पावलेही नव्हती आणि अद्याप निम्मा डोंगर बाकी होता.

तेव्हा नेव्हिलराव टेबलास धरून उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष... हरकतीचा मुद्दा. हा धूर... आजच्या विषयपत्रिकेवर आहे का?"

सभा थबकली. रॉसजींनी विषयपत्रिका वरून खाली वाचिली, उलटून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा वाचिली. मग त्यांनी गंभीर मुद्रेने निवाडा दिला की, सदर धूर विषयपत्रिकेवर नाही. सबब तो ऐनवेळच्या विषयांत, चहानंतर, अध्यक्षांचे परवानगीने घेण्यात येईल.

"अहो, डोंगर जळतोय," इमोजेनबाई म्हणाल्या.

"बाई, मी निवाडा दिलाय," रॉसजी म्हणाले. वीस वर्षांत प्रथमच कोणी त्यांस निवाडा मागितला होता आणि ते तो सोडणार नव्हते.

तरीही बॅरीसाहेबांचा एक पाय दाराकडे पडलाच. नेव्हिलराव त्यांस हळूच म्हणाले, "जा बॅरी, जा. ठराव... टेबलावर आहे. तुम्ही गेलात की... हे एकोणतीस मत टाकून मोकळे." मग मान वळवून इमोजेनबाईंस म्हणाले, "तुम्हीपण... जायला हरकत नाही. बॅरीची माणसं... इथंच आहेत."

बॅरीसाहेबांनी इमोजेनबाईंकडे पाहिले. इमोजेनबाईंनी बॅरीसाहेबांकडे पाहिले. दोघेही आपापल्या खुर्चीवर परत बसले आणि त्यांचेमागे छप्पन्न खुर्च्या करकरल्या. डोंगर डोळ्यांदेखत जळत होता, तो वाचवावा की कापावा यावर जीव टाकणारे सारे समोर होते, आणि दुसऱ्याचा ठराव पास होईल या भीतीने एकही हलला नाही. याहून जास्ती या लोकांविषयी लिहिण्याचे कारण नाही.

मग सव्वा तास नेव्हिलरावांनी जे केले त्यास मर्दुमकी हा एकच शब्द आहे. श्वास पुरत नव्हता म्हणोन ते कागदावर लिहून दुरुस्त्या देऊ लागले. नववी, दहावी. अकरावी ऐसी की, दुरुस्तीतील 'व' काढून तेथे 'आणि' घालावा. तिजवर बावीस मिनिटे भाषणे जाहली. ओठ निळे पडले, कानांत दडे बसले, भिंतीवरची चित्रे आणि खिडकीतला डोंगर एकात एक मिसळू लागला, आणि ते एका भोंग्याची वाट पाहात राहिले. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो वाजला. एकदा. दोनदा. मग इतका वेळ काही वाजेना की त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि मग तिसऱ्यांदा.

"दुरुस्ती... मागे घेतो," नेव्हिलराव म्हणाले आणि खुर्चीत खाली घसरले.

त्यांचेकडे पाहावयास कोणास सवड नव्हती. वाट मोकळी होताच तडजोडीचा ठराव निघाला की, सॅडलर डोंगर जाळण्यापूर्वी त्याचा एक वर्षभर सर्वांगीण अभ्यास व्हावा. तो अठ्ठावन्न विरुद्ध शून्य मतांनी पास जाहला, दोन्ही पक्षांनी तो आपला जय म्हणोन टाळ्या वाजविल्या, आणि जमाव चहावर तुटून पडला. सभा तेथेच विसर्जन जाहली, सबब ऐनवेळचे विषय राहून गेले.

बाहेर पाऊस सुरू होता. आँटी रुबींनी बंबातून उतरताच हॉलपाशी उभी गाडी ओळखली, आतला सिलिंडर काढून ग्लेनिसबाईंचे हाती दिला आणि म्हणाल्या, "पळ." ग्लेनिसबाई काजळीने माखलेल्या आत आल्या, स्कोन खाणाऱ्यांस कोपराने बाजूस सारिले, आणि पहिले रांगेत गुडघे टेकून नळी बदलली. काही वेळाने नेव्हिलरावांचे ओठांवर रंग आला.

"तू गेला नाहीस," त्या म्हणाल्या.

"मीटिंग लांबली."

"किती वेळा बोललास?"

"अकरा."

"घरात महिन्याला अकरा शब्द बोलत नाहीस, मेल्या." आणि त्या रडू लागल्या. भर हॉलात, हातात रिकामा सिलिंडर धरून, चौतीस वर्षांत कोणत्याही आगीपुढे न रडलेली ती बाई रडली, आणि नेव्हिलरावांनी तिचे हेल्मेट काढून मांडीवर ठेविले.

"झाला का सगळा?"

"सगळा. शेवटच्या टोकापर्यंत."

पुढे मंडळाचे कार्यकारिणीने नेव्हिलरावांवर दोषारोप ठेविला की, त्यांनी अकरा वेळा बोलून सभेचा अमूल्य वेळ व्यर्थ घालविला, आणि एक वर्षपर्यंत त्यांस कोणत्याही सभेत तोंड उघडण्यास बंदी केली. बॅरीसाहेब आणि इमोजेनबाई यांनी दुसऱ्या कोणत्याही बाबीत केली नव्हती ऐसी एकी या बाबीत केली.

मग जानेवारी मासी एक्केचाळीस अंशांचे दिवशी पश्चिमेकडून वणवा आला. तीन डोंगर त्याने धडधडा खाल्ले आणि चौथा सॅडलर. तेथे त्यास काही मिळाले नाही. दोन दिवस तो काळ्या जमिनीच्या कडेने फिरला, बंबांनी त्यास गाठिले, आणि तो विझला. गावात धूर दीड दिवस राहिला, पाच हप्ते नव्हे. नेव्हिलराव तो दीड दिवस दारे लावून घरात बसले आणि तिसरे दिवशी ओसरीवर येऊन खुर्ची टाकून बसले.

मार्चात प्रगती मंडळाने हॉलचे भिंतीवर पितळी पाटी बसविली. तीवर कोरले आहे की, मंडळाच्या दूरदर्शी ठरावामुळे बुलांगरी बचावली. खाली रॉसजींचे नाव, बॅरीसाहेबांचे नाव, इमोजेनबाईंचे नाव. समारंभास आँटी रुबींस चार वाक्ये बोलावयास बोलाविले आणि ग्लेनिसबाईंस बशीभर सॉसेज रोल आणावयास सांगितले. दोघींनीही आपापले काम केले. शेवटी रॉसजींनी विचारिले की कोणास काही बोलावयाचे आहे काय. नेव्हिलराव पहिले रांगेत होते. परंतु बंदीची मुदत संपावयास दोन महिने बाकी होते.

येणेप्रमाणे सॅडलर डोंगराची मोहीम फत्ते जाहली. पाटी मंडळास मिळाली, जय दोन्ही पक्षांस मिळाला. नेव्हिलराव ड्रमंड यांस एक उन्हाळा मिळाला. ते तो ओसरीवर बसून, सावकाश, दमादमाने घेत आहेत.